मानेवरचा थेंब आणि बहात्तर किलोचा राखणदार

सायखेड्याजवळच्या एका मळ्यातून तीन वर्षांच्या मुलाला रात्री आमच्या रुग्णालयात आणले, तेव्हा तो गाढ झोपला आहे असेच कोणालाही वाटले असते. हाक मारली की डोळे किलकिले करायचा, पुन्हा मिटायचा. नाडी मिनिटाला ६४. या वयाच्या मुलाची ती शंभराच्या आसपास असते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, हातपाय गार, श्वास संथ. बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली तर ती २३० च्या पुढे.

"किडे मारायचं औषध प्यायला," एवढेच वडील सांगत होते.

द्राक्षपट्ट्यात नोकरी करणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यात अशा वेळी एकच शब्द येतो, ऑर्गनोफॉस्फेट. बारीक बाहुल्या, मंद नाडी, गुंगी. सगळे जुळत होते. अॅट्रोपिनची इंजेक्शने भरून तयारही झाली. पण मुलाचे तोंड कोरडे होते. त्या विषबाधेत तोंडातून लाळ गळते, अंग घामाने निथळते, छातीत घरघर लागते. इथे छाती स्वच्छ होती. मी आजीकडे वळलो. ती म्हणाली, "रानातलं नाही हो साहेब, कुत्र्याचं व्हतं ते. पांढरं पाणी. पोराला दूध वाटलं."

काका मोटारसायकलवर परत गेले आणि मूळ बाटली घेऊन आले. अमिट्राझ, साडेबारा टक्के. गोचिडांचे औषध. सकाळी कुत्रा धुवायला कालवले होते, उरलेले कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवले होते. हे औषध पाण्यात पडले की पाणी दुधासारखे पांढरे होते, आणि वास सोडला तर तीन वर्षांच्या मुलाला दुधात आणि त्यात फरक कळायचे कारण नाही.

अमिट्राझ शरीरात गेले की मेंदूतल्या ज्या ताल्यांवर काम करते, त्याच ताल्यांवर क्लोनिडिन हे रक्तदाबाचे जुने औषध काम करते. म्हणून गुंगी येते, नाडी व रक्तदाब उतरतात, अंग गार पडते. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडणे रोखले जाते आणि साखर चढते. माणसासाठी यावर नेमका उतारा नाही. श्वासावर आणि नाडीवर लक्ष ठेवायचे, अंग गरम ठेवायचे, सलाइन लावायचे, नाडी फारच उतरली तर अॅट्रोपिन द्यायचे आणि वाट पाहायची. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत पूर्ववत होतात. हा मुलगाही दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसला आणि बिस्किट मागू लागला. मात्र रात्रभर त्याच्याजवळून कोणी हलले नाही.

एक गोष्ट घरच्यांनी बरोबर केली होती. त्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न केला नाही. या औषधात झायलीनसारखे द्रावक असते. ते उलटीबरोबर श्वासनलिकेत गेले तर विषापेक्षा न्यूमोनियाच जड जातो. अशा वेळी बोटे घालू नयेत, दूध पाजू नये, १०८ ला फोन करावा आणि बाटली सोबत आणावी. बाटली आणली तर आमचा अर्धा तास वाचतो. आणि त्या अर्ध्या तासात पेशंटला नको ते औषध टोचले जाण्याची शक्यताही कमी होते.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याच्या औषधांवर लिहायचा अधिकार पशुवैद्यकांचा, हे मान्य. पण ती औषधे चुकली की त्यांचे परिणाम आमच्या वॉर्डात येतात. आणि ज्यांच्यासाठी ती आणली जातात ते गोचीडही अधूनमधून आमच्याकडे रुग्ण पाठवतात. म्हणून हा लेख. यातला पशुवैद्यकाचा भाग एका पशुवैद्यक मित्राकडून तपासून घेतला आहे.

निफाड तालुक्यात मोठी कुत्री का पाळतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. गोदाकाठचा ऊस हे बिबट्याचे घर झाले आहे. वस्ती मळ्यात, शेजारचे घर हाकेच्या अंतरापलीकडे, रात्री पाण्याची पाळी. गावठी कुत्रे बिबट्याचे सोपे भक्ष्य ठरते, म्हणून लोक जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन आणतात. परवा एकाकडे सेंट बर्नार्डही पाहिला. आल्प्सच्या बर्फातला कुत्रा! निफाडच्या थंडीचे आकडे दर डिसेंबरात वर्तमानपत्रांत येतात, म्हणून मालकाला तो इथे शोभेल असे वाटले असावे. मे महिन्यातल्या निफाडचे काय, हे त्याने त्या कुत्र्याला विचारलेले नाही. ते बिचारे पाण्याच्या टाकीशेजारी जीभ काढून पडले होते. ग्रेट डेनचा नर ५५ ते ७५ किलोंपर्यंत भरतो, सेंट बर्नार्ड त्याहून जास्त. म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाएवढे वजन.

अशा कुत्र्याच्या अंगावर गोचीड झाले की घरचे हैराण होतात. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या घडीत हरभऱ्याएवढ्या टम्म फुगलेल्या माद्या. शेजारी गाईचा गोठा असतो, तिथे गोचिडांचे औषध असतेच. मग बादलीत एक टोपण टाकायचे, कुत्रा धुऊन काढायचा. टोपण हे आपल्याकडचे सर्वमान्य माप आहे. फवारणीच्या पंपाला टोपण, गाईला टोपण, कुत्र्याला टोपण. कोणत्या बाटलीचे टोपण किती मिलीलिटरचे, हे कोणी मोजलेले नसते. मोठा कुत्रा आहे म्हणून दोन टोपणे टाकणारेही भेटतात. अमिट्राझ हे वाईट औषध नाही. पशुवैद्यक ते मोजून, लिटरला काही मिलीलिटर या हिशोबाने देतात आणि त्याचा गुण येतो. टोपणाचा हिशोब मात्र कोणत्याही लेबलवर नसतो.

आता गोचिडांकडे येऊ. आपल्याकडे कुत्र्यावर सर्रास आढळणारा तपकिरी गोचीड म्हणजे ऱ्हायपिसेफॅलस सँग्विनियस. त्याचे आयुष्य तीन टप्प्यांचे. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू, मग आठ पायांचे दुसरे रूप, मग पूर्ण वाढलेला गोचीड. प्रत्येक टप्प्यावर एकदा पोटभर रक्त, मग कुत्र्यावरून खाली उतरून भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, दगडांच्या फटीत मुक्काम. तिथे कात टाकायची आणि पुन्हा कुत्र्याची वाट पाहायची. मादी शेवटचे रक्त पिऊन उतरते आणि दोन ते चार हजार अंडी एकाच ठिकाणी घालून मरते. रक्त न मिळाले तरी पूर्ण वाढलेला गोचीड कित्येक महिने जिवंत राहतो. कुत्रा विकला, मेला, बिबट्याने नेला, तरी घरात गोचीड राहतात ते याच कारणाने. पिसवांचेही तसेच. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा एक लहान भाग. अंडी, अळ्या आणि कोष कुत्र्याच्या गोणपाटात, कोपऱ्यातल्या धुळीत असतात.

कुत्र्याला गोचिडांमुळे एहर्लिकिया आणि बबेसिया हे आजार होतात. ताप येतो, रक्त कमी होते, प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येते. लक्षणे ऐकली की मला डेंग्यूचा वॉर्ड आठवतो.

माणसाचा आजार वेगळा. त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात; रिकेट्सिया कोनोराय नावाचा जंतू तो करतो आणि कुत्र्याचा हाच तपकिरी गोचीड त्याचा वाहक आहे. चाव्यानंतर साधारण आठवडाभराने जोरात ताप, डोके प्रचंड दुखणे, अंगदुखी, आणि तीन-चार दिवसांनी पुरळ. पुरळ मनगट-घोट्यापासून सुरू होते आणि हाताच्या व पायाच्या तळव्यांवरही येते. तळवे हीच खूण. तापाच्या फार थोड्या आजारांत तळव्यांवर पुरळ येते.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतली एक बाई सहा दिवसांच्या तापाने दाखल झाली. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह, मलेरिया नाही, प्लेटलेट ऐंशी हजार. बाहेर तीन प्रकारची अँटिबायोटिके झाली होती. पहिल्या दिवशी मी तिची छाती तपासली, पोट तपासले, जीभ पाहिली. तळवे पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सलाइन बदलणाऱ्या सिस्टरने म्हटले, "सर, यांच्या हातावर हे काय आहे?" मग मी विचारले, घरी कुत्रा आहे का? होता. रोज दुपारी तीच त्याचे गोचीड काढायची आणि अंगठ्याच्या नखांमध्ये चिरडायची. डॉक्सिसायक्लिन सुरू केले. दोन दिवसांत ताप उतरला. तिला गुण आला याचे श्रेय त्या सिस्टरकडे जाते.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. अडचण औषधाची नाही, आठवण होण्याची आहे. उशीर झाला तर बोटे काळी पडणे, मूत्रपिंड बंद पडणे, मेंदूला सूज येणे इथपर्यंत गोष्ट जाते. यासाठीची वेल-फेलिक्स चाचणी जुनी आणि ढोबळ आहे. तिच्या निकालाची वाट पाहत औषध थांबवू नये. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या मुलांमधला हा आजार लवकर ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत सुचवली. ती २०११ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये छापून आली. लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन देऊ नये, दात पिवळे होतात, ही भीतीही आता मागे पडली आहे; या आजारात ते लहान मुलांनाही दिले जाते.

लोक लगेच माकडतापाचे विचारतात. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हा कर्नाटकात १९५७ मध्ये ओळखला गेलेला आजार २०१६ पासून सिंधुदुर्गात दिसू लागला हे खरे. पण तो पसरवणारा गोचीड जंगलातला, हिमाफायसॅलिस जातीचा. ओट्यावरच्या कुत्र्याचा त्यात दोष नाही.

गोचीड काढताना तो चिमट्याने कातडीला अगदी लागून धरावा आणि सरळ, सावकाश ओढावा. काडेपेटीची पेटती काडी, रॉकेल, चुना यांपैकी काहीही त्याला लावू नये. त्रासलेला गोचीड पोटातला ऐवज जखमेत ओकतो. आणि नखाने चिरडू नये. त्याच्या अंगातल्या रसातून जंतू बोटावरच्या कापल्यातून किंवा डोळा चोळताना आत जातात. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकला की पुरे.

पण रोज चिमटा घेऊन बसणे हा उपाय नव्हे. मानेवर टाकायच्या औषधाची, ज्याला दुकानात स्पॉट-ऑन म्हणतात त्याची, गोष्ट इथे सुरू होते.

प्लॅस्टिकची एक छोटी कुपी, तिच्यात काही थेंब तेलकट द्रव. मानेमागे, जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर ओतायचा. यात फिप्रोनिल हे औषध सर्वात जुने आणि सर्वात जास्त वापरातले. ते रक्तात फारसे जात नाही. कातडीवरच्या तेलाच्या थरातून एक-दोन दिवसांत अंगभर पसरते, केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींत साठते आणि तिथून आठवडे न् आठवडे थोडे थोडे बाहेर येत राहते. किड्यांच्या मज्जातंतूंमध्ये 'थांब' सांगणारे काही दरवाजे असतात. फिप्रोनिल ते बंद करते. 'थांब' सांगणारे कोणी उरले नाही की किडा थरथरत मरतो. सस्तन प्राण्यांचे दरवाजे वेगळ्या घडणीचे असल्याने औषध त्यांना तितके घट्ट चिकटत नाही. मात्र मुलाने ते गिळले तर फिट येऊ शकते, तेव्हा कुपी काही खेळणे नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अंघोळीची. तेलाचा थरच धुऊन टाकला तर औषध पसरणार कशातून? म्हणून आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस शॅम्पू नाही, नदी नाही. आपल्याकडे आधी कुत्रा घासून धुतात आणि ओल्या अंगावर औषध टाकतात. भिंत घासून लगेच रंग द्यावा तसे. दुसरी गोष्ट, फिप्रोनिल गोचिडाला पळवत नाही, चिकटल्यावर मारते, आणि त्याला एक-दोन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी कानात गोचीड दिसला म्हणजे औषध बनावट असे नाही. तो सुकलेला आहे का ते पाहा.

आता वजन. फिप्रोनिलच्या नेहमीच्या, सुमारे दहा टक्क्यांच्या स्पॉट-ऑनमध्ये १० किलोपर्यंतच्या कुत्र्याला ०.६७ मिलीलिटरची कुपी, १० ते २० किलोंना १.३४, २० ते ४० किलोंना २.६८ आणि ४० ते ६० किलोंना ४.०२ मिलीलिटर. प्रत्येक गटातल्या सर्वात जड कुत्र्यालाही किलोमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम मिळावे, असा हा हिशोब आहे. साठ किलोंच्या वर कुपीच नाही. दोन कुप्या जोडून वजन गाठायचे असते. दुकानदार "मोठ्या कुत्र्याची" म्हणून २० ते ४० किलोंची कुपी देतो, कारण तीच सर्वात जास्त खपते.

ज्या मुलाची गोष्ट वर सांगितली, त्याच्या घरचा कुत्रा ग्रेट डेन होता, नाव सुलतान. वडील पुढे कागदपत्रांसाठी आले तेव्हा मी विचारले, आधी स्पॉट-ऑन वापरले होते का? म्हणाले, "चार महिने टाकलं साहेब. एवढे पैसे गेले, गोचीड हाये तसेच. मग म्हटलं गाईचंच बरं." कुत्र्याचे वजन? "असंल चाळीसेक." मी म्हटले, मोजून सांगा. ७२ किलोंच्या कुत्र्याला दवाखान्यातल्या काट्यावर उभे करणे सोपे नाही, पण सायखेड्यात काट्यांची वाण नाही. कांद्याच्या गोण्या ज्या काट्यावर चढतात त्यावर सुलतानला भाकरी दाखवून उभे केले. ७२ किलो भरला.

म्हणजे त्याला लागत होते साधारण ४८० मिलिग्रॅम, मिळत होते २६८. किलोमागे ६.७ ऐवजी ३.७. चार महिने अर्धवट औषध. पैसे तर गेलेच, शिवाय अर्ध्या मात्रेत जे गोचीड तगतात त्यांचीच पुढची पिढी वाढते. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धा सोडणाऱ्या रुग्णांना आम्ही जे बजावतो तेच इथे लागू होते. योग्य हिशोब म्हणजे ४.०२ ची एक आणि १.३४ ची एक, मिळून ५३६ मिलिग्रॅम. आणि हे सगळे एका जागी ओतायचे नाही. सत्तर किलोंच्या कुत्र्याची कातडी जवळपास पावणेदोन चौरस मीटर भरते, मोठ्या माणसाएवढी. पाच मिलीलिटर एकाच ठिकाणी ओतले तर कातडीवरून ओघळून फरशीवर जातात. खांद्यांच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत तीन-चार ठिकाणी केस फाकवून, कुपीचे टोक कातडीला टेकवून टाकावे. हातात मोजे घालावेत. वाळेपर्यंत, खरे तर चोवीस तास, मुलांनी त्याच्या गळ्यात पडू नये आणि कुत्र्याने अंथरुणात झोपू नये.

औषध महाग आहे, ते मान्यच. मोठ्या कुत्र्याला महिन्याला दोन कुप्या म्हणजे खिशाला चांगलाच चाट. पण इथेच एक सोपी वाटणारी पळवाट आहे, आणि ती द्राक्षपट्ट्यात जास्त सोपी वाटते. फिप्रोनिल हे नाव शेतकऱ्याला ओळखीचे आहे; ते उसावर, थ्रिप्सवर वापरले जाते. इमिडाक्लोप्रिड हे दुसऱ्या एका स्पॉट-ऑनमधले औषध तर उडद्यासाठी आणलेले घरात सापडेल. "औषध तेच, मग कृषी सेवा केंद्रातलं का नको?" असे एका सुशिक्षित बागायतदाराने मला विचारले. औषध तेच, पण बाटली ती नव्हे. तिचे प्रमाण वेगळे, द्रावक वेगळे, पानावर चिकटण्यासाठी घातलेले पदार्थ वेगळे. ते कातडीतून किती आत जातील याची कोणी कुत्र्यावर चाचणी घेतलेली नसते, आणि त्या कुत्र्याला मिठी मारणाऱ्या मुलावर तर नाहीच.

मला याचे आश्चर्य वाटते ते एवढ्यासाठी की आमचा द्राक्ष बागायतदार लेबलच्या बाबतीत देशात सर्वात जागरूक माणूस आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हापासून लेबल क्लेम, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, अवशेषांची कमाल मर्यादा हे शब्द इथल्या पारावर बोलले जातात. कोणत्या प्लॉटला कोणत्या तारखेला काय मारले याची वही असते. आणि त्याच घरात कुत्र्याला टोपण! युरोपात २०१७ मध्ये याच फिप्रोनिलमुळे लाखो अंडी फेकावी लागली. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खुराड्यांतल्या किडीसाठी वापरलेल्या फवाऱ्यात ते बेकायदा मिसळलेले होते. किडा मरत होता, त्यामुळे खुराडेवाला खूश होता. अंडी तपासेपर्यंत.

नदीचा उल्लेख वर केला, त्याबद्दल थोडे. इंग्लंडमध्ये वीस नद्यांच्या पाण्याच्या नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शेतीत फिप्रोनिलचा वापर जवळपास नाहीच, तरी ९८ टक्के नमुन्यांत ते सापडले. धुतलेल्या कुत्र्या-मांजरांच्या अंगावरून ते गटारात आणि तिथून नदीत येत असावे, असा संशोधकांचा रोख होता. पाण्यातल्या किड्यांना हे औषध फार थोड्या मात्रेतही मारते, आणि तेच किडे माशांचे आणि पक्ष्यांचे खाणे. सायखेड्याच्या पुलाखालून वाहणारी गोदावरी पुढे नांदूर मधमेश्वरला अडते, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळावर. तिथल्या बदकांना एका सुलतानाने फरक पडणार नाही. पण औषध टाकलेल्या दिवशी कुत्रा नदीत सोडला तर पैसेही वाहून जातात आणि औषधही.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. परमेथ्रिन असलेली स्पॉट-ऑन औषधे गोचिडाला चावण्याआधीच दूर ठेवतात, हा त्यांचा फायदा. पण घरात मांजर असेल तर ती नकोत. मांजराचे यकृत परमेथ्रिन निकामी करू शकत नाही, झटके येऊन ते मरते. कुत्र्याला चाटले, त्याला बिलगून झोपले, तरी पुरते. खरजेसाठी आम्ही देतो ते परमेथ्रिनचे मलम कुत्र्याला चोपडणारेही भेटले आहेत. ते माणसासाठीच राहू द्यावे. ससे असतील तर फिप्रोनिल त्यांना जीवघेणे. तोंडाने द्यायच्या अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर या नव्या गोळ्या मोठ्या कुत्र्याला फार सोयीच्या आहेत: ओघळणे नाही, अंघोळीची कटकट नाही, मुलांच्या हाताला लागणे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्यांच्याबद्दल सूचना काढली की काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. तेव्हा फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नयेत. त्यांतही वजनाचे गट आहेत आणि सर्वात मोठी गोळीही सुलतानला एकटी पुरत नाही. "एक इंजेक्शन मारलं की गोचीड गायब" असे सांगत फिरणारे आयव्हरमेक्टिन टोचतात. कोली जातीच्या आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांत ते औषध मेंदूत शिरू न देणारी यंत्रणा जन्मतःच अधू असते. तिथे ते जिवावर बेतते.

आणि घर. कुत्र्यावर कितीही खर्च केला तरी भिंतीतली अंडी तशीच राहतात. कुत्रा जिथे बसतो तिथल्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात, त्याचे गोणपाट आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकावे किंवा जाळून नवे घ्यावे, ओट्याभोवतीचे गवत काढावे, जवळची दगड-विटांची रास हलवावी. पशुवैद्यक मित्राचे म्हणणे असे की पहिले तीन महिने नेमाने औषध आणि सोबत ही साफसफाई झाली, तर चौथ्या महिन्यापासून फरक दिसतो. एका महिन्यात निकाल मागणाऱ्यांना त्याच्याकडे उत्तर नाही.

सुलतानचा मालक मागच्या महिन्यात भेटला. फवारणीच्या वहीत त्याने एक पान कुत्र्यासाठी काढले आहे: वजन, औषध, मात्रा, तारीख, प्लॉटच्या पानासारखेच रकाने. कोल्ड्रिंकच्या बाटल्या घरात ठेवायच्याच नाहीत असे आजीने ठरवले आहे. पुढची तारीख मी वाचली तर ती पोळ्याच्या आदल्या दिवसाची निघाली. पोळ्याला बैल धुवायला नदीवर नेणार, म्हणजे सुलतान मागोमाग पाण्यात उतरणारच. तारीख खोडून पोळ्यानंतर तीन दिवसांनी घातली.